सात नंबरच्या खाटेची मर्यादा

ऑफिसात तिला सगळे 'पुन्हाताई' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. एखादी गोष्ट तपासून झाली, सगळं बरोबर निघालं, की ती हळूच म्हणायची, "पुन्हा एकदा चालवून बघू या का?" आणि शेजारच्या टेबलांवरची मंडळी माना खाली घालून हसू दाबायची.

घरीही तीच तऱ्हा. सकाळी निघताना गॅसची कळ दोनदा बघायची, जिन्याच्या दुसऱ्या वळणावरून परत वर यायची. दार उघडताच आतून सासूबाई म्हणायच्या, "अगं, मी घरात आहे, जिवंत आहे. गॅस मी बघेन. तू जा." ती जायची. बसस्टॉपवर पोचेपर्यंत दुसरी काळजी तयार असायची. लेकीने डबा घेतला का? घेतला असेल तर झाकण नीट लावलं का?

हा स्वभाव मुळातला नव्हता. लेक दोन महिने आधी जन्मली आणि एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती, तेव्हापासूनचा होता. त्या एकोणीस दिवसांत तिने एकच काम केलं. पेटीशेजारच्या मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा बघत बसायचं. आकडा खाली आला की जीव वरखाली व्हायचा. तो वर गेला की वाटायचं, आता पुन्हा खाली येईल. पुढे तिने नोकरी सोडली. नऊ वर्षांनी परत कामाला लागली तेव्हा असेच मॉनिटर जोडणाऱ्या कंपनीत जागा मिळाली. योगायोगच होता तो. पण सासूबाई म्हणाल्या होत्या, "बरं झालं. आता पगार घेऊन आकडे बघ."

कंपनी लहान होती. कुरियरच्या गोदामावर तिसरा मजला, चौदा माणसं. रुग्णालयात प्रत्येक खाटेजवळ मॉनिटर असतो. त्या सगळ्यांचे आकडे सिस्टरच्या टेबलावरच्या एका पडद्यावर आणायचे, आणि त्याच पडद्यावरून प्रत्येक खाटेची मर्यादा ठरवता यायला हवी, हे यांचं काम. मर्यादा म्हणजे ऑक्सिजन अमुक आकड्याखाली गेला की बेल वाजली पाहिजे, तो आकडा.

सासूबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सून दिवसभर काय करते हे समजून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एका रविवारी दोघी मटार सोलत बसल्या होत्या तेव्हा तिने सांगून पाहिलं होतं.

"आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे ना? त्यावर मी खाडाखोड केली की तुम्हालाही तीच दिसते. कारण कॅलेंडर एकच. आम्ही प्रोग्रॅममध्ये काही गोष्टी तशा ठेवतो. सगळे त्याच एका वस्तूकडे बघतात. आणि काही गोष्टी तुमच्या पर्समधल्या डायरीसारख्या. मी तुमच्याकडून फोन नंबर उतरवून घेतला, मग माझ्या डायरीत बदलला, तर तुमच्या डायरीत काही फरक पडत नाही. मागेल त्याला प्रत मिळते. याला व्हॅल्यू टाइप म्हणतात."

"मग सगळं कॅलेंडरच का नाही करत?"

"कॅलेंडर सांभाळायला वेळ लागतो. डायरी पटकन होते."

सासूबाईंनी एक दाणा तोंडात टाकला. "आणि परवा फोनवर ते काय म्हणत होतीस, चालू असताना ठरतं म्हणे?"

"हुकूम एकच असतो. समजा, 'बेल वाजव'. पण समोर कुठला मॉनिटर जोडलाय ते प्रोग्रॅम चालू असतानाच कळतं, आणि तो मॉनिटर आपल्या पद्धतीने हुकूम पाळतो. लिहिताना मला माहीत नसतं कोण उत्तर देणार."

"म्हणजे आपल्या घरासारखंच. सकाळी मी बाहेरून 'उठा' म्हणून ओरडते. खोलीत तुझी लेक असली तर पांघरूण डोक्यावरून घेते, माझा मुलगा असला तर पाच मिनिटं म्हणतो. हाक तीच. आत कोण निजलंय त्यावर सगळं."

इतकं चांगलं उदाहरण पुस्तकात नव्हतं. तिने ते ऑफिसात सांगितलं तेव्हा टीम लीडरसुद्धा हसला होता.

त्या बुधवारी मात्र टीम लीडर हसत नव्हता. तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तिला 'मॅडम' म्हणणारा, एरवी गडी मोकळा. सकाळी साडेनऊलाच तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, लहान मुलांच्या रुग्णालयाचा मेल आलाय. सोमवारी सात नंबरच्या खाटेवरच्या बाळाचा ऑक्सिजन सत्त्याऐंशीवर आला आणि बेल वाजली नाही."

"बाळ?"

"बाळ ठीक आहे. सिस्टर फेरीवर होती, तिने स्वतः आकडा बघितला, ऑक्सिजन वाढवला. प्रश्न वेगळाच आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की या बाळाची मर्यादा नव्वद ठेवा. सिस्टर म्हणते, मी नव्वद केली होती. आपली नोंद म्हणते, मर्यादा मूळची पंच्याऐंशीच होती, कुणी बदललेली नाही. आज चार वाजता तिची चौकशी आहे. त्यांना आपल्याकडून दोन ओळींचं पत्र हवंय, नोंद बरोबर आहे म्हणून. तुम्ही तपासा आणि दोनपर्यंत द्या."

"सिस्टर खोटं बोलत असेल असं वाटतं तुम्हाला?"

"मला काही वाटत नाही. माणसं विसरतात. बटण दाबायचं राहतं. आपलं काम नोंदीपुरतं."

तो गेला. तिने नोंद उघडली. सोमवार, सात नंबर, पंच्याऐंशी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पंच्याऐंशी. टेबलावर चाचणीसाठी एक मोठा मॉनिटर कायम जोडलेला असे. तिने पडद्यावरून त्याची मर्यादा नव्वद केली, पान बंद केलं, पुन्हा उघडलं. नव्वद. पुन्हा केलं. नव्वद. तिसऱ्यांदा केलं तेव्हा पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी खोकलं.

सगळं बरोबर होतं. तिने पत्राचा कागद उघडला, तारीख टाकली आणि थांबली. काचेच्या पेटीजवळ बसलेली असताना तिने सिस्टर लोक पाहिले होते. तीन-तीन पाळ्यांतले. दमलेले, चिडलेले, एकमेकींवर खेकसणारे. पण डॉक्टरांनी सांगितलेला आकडा विसरलेली एकही पाहिली नव्हती. त्या आकडा तोंडाने पुटपुटत पेटीपर्यंत यायच्या. ती उठली, पाणी प्यायली, बसली, परत उठली. शेवटी तिने फोन फिरवून वॉर्डात लावला.

"वॉर्ड."

"मी सॉफ्टवेअरच्या कंपनीतून बोलतेय. सात नंबरच्या सिस्टर आहेत का?"

"मीच. लिहिलंत का पत्र?"

"अजून नाही."

"लिहा की. मी झोपेत बटणं दाबते असं लिहा. पंधरा वर्षं झाली या वॉर्डात, आज कळलं."

"सिस्टर, मी तुमच्याशी भांडायला फोन नाही केला. तुम्ही बदललंत तेव्हा पडद्यावर काय दिसलं?"

"नव्वद दिसलं. नाही तर मी तिथून हलले असते का? तुम्हाला काय वाटतं, आम्ही आकडा न बघताच पुढे जातो?"

"नाही वाटत. म्हणूनच विचारते. त्या दिवशी खाटेजवळ मॉनिटर नेहमीचाच होता?"

पलीकडे कुठेतरी एक बाळ बारीक आवाजात रडत होतं. "नाही. मोठा दुरुस्तीला गेलाय. छोटा लावलाय, उचलून न्यायचा असतो तो."

"मी तुम्हाला परत फोन करते," ती म्हणाली.

छोटा मॉनिटर ऑफिसात होता, पण विक्रीवाल्यांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो चहाला गेलेला. तो येईपर्यंत ती कपाटासमोर येरझाऱ्या घालत राहिली. तो आला, म्हणाला, "ताई, एवढी घाई कसली, पळून जातोय का तो?" तिने खोका उघडला, मॉनिटर टेबलावर आणला, जोडला आणि त्याची क्लिप स्वतःच्याच बोटाला लावली. आकडा आला, सत्त्याण्णव.

तिने पडद्यावरून खालची मर्यादा नव्याण्णव केली. पडद्यावर नव्याण्णव आलं. आता सत्त्याण्णव हे नव्याण्णवच्या खाली. बेल वाजायला हवी होती.

काहीच वाजलं नाही. ती बोट पुढे धरून बसून राहिली. अर्धं मिनिट, एक मिनिट. मग पान बंद करून उघडलं. पंच्याऐंशी.

तीच क्लिप मोठ्याला लावली, तोच आकडा दिला. त्याने असा काही टाहो फोडला की सगळं ऑफिस वळून बघू लागलं. तिने बेल बंद केली.

कारण शोधायला वेळ लागला नाही, आणि तेच वाईट होतं. कारण तिला पाठ होतं, तिनेच लिहिलेलं. तीन महिन्यांपूर्वी पडदा अडखळत चालायचा. दर सेकंदाला शेकडो मर्यादा तयार व्हायच्या, प्रत्येकीचं एक कॅलेंडर. तिने 'मर्यादा' या गोष्टीची डायरी करून टाकली, व्हॅल्यू टाइप. मागेल त्याला प्रत. पडदा लोण्यासारखा चालू लागला. मीटिंगमध्ये तिच्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या. घरी येऊन सासूबाईंना सांगताना तिचा आवाज जरा चढलाच होता.

'मर्यादा बदल' हा हुकूम सगळ्या मॉनिटरांना एकच. मोठा मॉनिटर तो पाळताना मर्यादा हातात घ्यायचा, बदलायचा आणि परत जागेवर ठेवायचा. छोट्याचा कोड जुन्या दिवसांतला. तो मर्यादा हातात घ्यायचा, बदलायचा आणि तिथेच सोडायचा. पूर्वी तेवढं पुरायचं, कारण हातात यायचं ते भिंतीवरचंच कॅलेंडर. आता हातात येत होती प्रत. छोटा मॉनिटर इमानाने प्रतीवर नव्वद लिहीत होता, पडद्याला ती प्रत दाखवत होता आणि मग ती प्रत हवेत विरत होती. संगणकानेही कुठे लाल रेघ मारली नव्हती. प्रत बदलणं हा काही त्याच्या लेखी गुन्हा नव्हे. आणि तिने हजारदा तपासलं तरी उत्तर देणारा मॉनिटर प्रत्येक वेळी मोठाच होता, कारण तिच्या टेबलावर तोच जोडलेला होता.

तिने घड्याळ बघितलं. पाऊण वाजला होता. लीडरकडे जायच्या आधी तिने वॉर्डात फोन केला.

"सिस्टर, वॉर्डात छोटे मॉनिटर किती आहेत?"

"तीन. का?"

"त्यांची मर्यादा पडद्यावरून बदलू नका. मॉनिटरच्या अंगावरच्या बटणांनी बदला आणि मॉनिटरवरच वाचा. आत्ता. मी फोनवर थांबते."

चपलांचा आवाज लांब गेला. ती रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभी. समोरच्या भिंतीवर कुरियरच्या गाड्यांच्या सावल्या हलत होत्या. चपला परत आल्या.

"सात बरोबर आहे, सोमवारपासून मी हातानेच बघते. चारची मुळात बदललीच नव्हती, तीही बरोबर." सिस्टरचा आवाज बदललेला. "अकरा नंबरला पंच्याऐंशी आहे. सकाळी मी स्वतः नव्वद केलं होतं. पडद्यावर बघितलं होतं."

"आता?"

"आता केलं. मॉनिटरवरच. बेलही वाजवून बघितली."

सिस्टर म्हणाली, "म्हणजे मी वेडी नाही."

"नाही. चूक माझी आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लीडरने सगळं शांतपणे ऐकलं. मध्ये एकदा डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त होईल?"

"ओळ एकच आहे. पण सगळ्या मॉनिटरांवर तपासायला उद्या सकाळ."

"मग असं करू. दुरुस्ती उद्या पाठवू, नेहमीच्या सुधारणांमध्ये. आणि पत्र... मॅडम, त्यांनी विचारलंय काय? नोंद बरोबर आहे का. आहे की नाही?"

"आहे. यंत्रात पंच्याऐंशीच होतं."

"मग तेवढंच लिहा. त्यात एक अक्षर खोटं नाही."

"सिस्टरची नोकरी जाईल."

"ताकीद मिळेल. नोकरी जात नसते एवढ्याने. आणि आपलं कंत्राट गेलं तर? चौदा माणसं आहेत मॅडम. त्यातली निम्मी घरात एकटी कमावणारी." तो वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा उतरला होता. "मी उगाच नाही म्हणत."

तिला त्याचं पटलं, हेच तिला सहन होईना. पत्रातली ती ओळ खरी होती. तिच्या प्रोग्रॅमसारखीच खरी. विचारलं तेवढ्याचं उत्तर देणारी, आणि ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत न पोचणारी. ती जागेवर येऊन बसली. लिहिलं, 'नोंद बरोबर आहे.' खोडलं. पुन्हा लिहिलं. लेकीचा मेसेज आला, आज क्लासनंतर मैत्रिणीकडे थांबू का. तिने घाईत 'थांब' लिहिलं, मग 'किती वाजेपर्यंत', मग 'कुणाच्या घरी', मग 'पोचल्यावर कळव'. लेकीने फक्त कपाळावर हात मारल्याचं चित्र पाठवलं.

दीड वाजता तिने पत्र पूर्ण केलं. त्यात लिहिलं की यंत्रातली नोंद पंच्याऐंशीची आहे आणि ती बरोबर आहे. सिस्टरने नव्वद केलं नव्हतं असा त्याचा अर्थ होत नाही. पडद्यावरून केलेला बदल छोट्या मॉनिटरपर्यंत पोचत नव्हता, आणि हे तीन महिन्यांपूर्वी मी केलेल्या बदलामुळे झालं. खाली स्वतःचं नाव. छोटे मॉनिटर वापरणाऱ्या आणखी चार रुग्णालयांसाठी वेगळी सूचनाही लिहिली, पडद्यावर विसंबू नका म्हणून.

लीडरने दोन्ही कागद वाचले. बराच वेळ. "सूचना मी कंपनीच्या नावाने पाठवतो," तो अखेर म्हणाला. "ती आत्ताच जायला हवी, ते मलाही कळतं. पत्र तुमचं. मी तुम्हाला अडवत नाही, पण वाचवूही शकणार नाही. शुक्रवारी मालक येतात."

"ठीक आहे."

"छोटा मॉनिटर घेऊन जा बरोबर. नुसत्या कागदावर कुणी विश्वास ठेवत नाही."

चौकशी एका अरुंद खोलीत होती. टेबलापलीकडे मेट्रन, एक डॉक्टर, एक कारकून. सिस्टर भिंतीशी उभी, हातांची घडी घालून. फोनवरच्या आवाजावरून वाटली त्यापेक्षा वयाने लहान आणि अंगाने बारीक. सिस्टरने तिच्याकडे बघून मानही हलवली नाही.

मेट्रनने पत्र वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "सोप्या भाषेत सांगा. सिस्टरने नव्वद केलं होतं?"

"केलं होतं. पडद्यापर्यंत गेलं, मॉनिटरपर्यंत नाही."

"आणि पडद्याने खोटं दाखवलं."

"हो."

"तुम्ही हे खात्रीने सांगताय?" डॉक्टरांनी विचारलं. "कारण अशा वेळी माणसं एकमेकांवर दया करतात."

तिने छोटा मॉनिटर टेबलावर ठेवला आणि लॅपटॉपला जोडला. क्लिप डॉक्टरांच्याच बोटाला लावली. आकडा आला, शहाण्णव. पडद्यावरून मर्यादा नव्याण्णव केली, पडदा त्यांच्याकडे वळवला. खोलीत सगळे बेलची वाट बघत होते. पंख्याचा तेवढा आवाज. डॉक्टर आपल्या बोटाकडे बघत राहिले, जणू बोटाचाच काही दोष असावा. मग त्यांनी क्लिप काढली, टेबलावर ठेवली आणि खुर्ची मागे सरकवली.

"सिस्टरवरची नोटीस मागे घेतली असं लिहा," मेट्रन कारकुनाला म्हणाल्या. तिच्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या कंपनीला मात्र आमचं पत्र येईल. कडक."

"यायलाच हवं."

बाहेर आल्यावर सिस्टर तिच्यापुढे भराभर चालू लागली. आभार वगैरे नाहीत. वॉर्डाच्या दाराशी मात्र थांबली. "हात धुवा, तो झगा घाला आणि या. उद्या सकाळपर्यंत हे असंच चालवायचंय ना? मग पुढच्या पाळीच्या सिस्टरला काय सांगू, प्रोग्रॅमची गोष्ट? तिला दिसायला काहीतरी हवं."

तिने झगा घातला. सतरा वर्षांनी ती अशा वॉर्डात पाऊल टाकत होती. वास तोच होता. तिने पेट्यांकडे बघायचं टाळलं, मग टाळता आलं नाही. अकरा नंबरमध्ये मुठीएवढं तोंड, नाकाला नळी. आकडा ब्याण्णव. एक्क्याण्णव. ब्याण्णव. ती तिथेच खिळली.

"त्याच्याकडे बघायला आम्ही आहोत," सिस्टर म्हणाली. "तुम्ही चिकटपट्टी धरा."

सिस्टरने पांढऱ्या पट्टीचा तुकडा फाडला, छोट्या मॉनिटरच्या कपाळावर चिकटवला आणि पेन तिच्या हातात दिलं. "लिहा. माझे हात ओले आहेत."

तिने लिहिलं, खालची मर्यादा नव्वद, इथेच बदलावी, पडद्यावर नाही. नेटकं, बारीक अक्षर, कॉलेजपासूनचं.

सिस्टर दोन पावलं मागे सरकली, डोळे बारीक करून बघितलं आणि पुढे येऊन पट्टी ओढून काढली. "हे काय पोस्टाचं तिकीट आहे का? दारातून दिसायला हवं." नवा तुकडा फाडून तिने लावला.

पेन घेऊन ती मॉनिटरवर वाकली आणि या वेळी नुसता नव्वदचा आकडा काढला. पट्टीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.